चौकशीचे दोन अर्थ

तबस्सुम १८ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत गेल्या. वय ७८. अंत्यविधी उरकेपर्यंत बातमी बाहेर जाऊ नये ही त्यांचीच इच्छा होती, असे त्यांच्या मुलाने नंतर सांगितले. लोकांना कळले तेव्हा सगळे पार पडलेले होते. वर्तमानपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या हाती उरले होते ते फक्त स्मरण. त्या दोन-चार दिवसांतल्या श्रद्धांजल्या एकत्र वाचल्या तर दोन वाक्ये हमखास सापडतात. एक, भारतीय दूरचित्रवाणीवरचा पहिला गप्पांचा कार्यक्रम त्यांचा. आणि दुसरे, त्यांचा चेहरा घराघरांत पोहोचला होता. पहिले वाक्य नोंदवहीतले आहे, त्याच्याशी वाद नाही. दुसऱ्याशी मात्र चंद्रपूर-गडचिरोलीकडून पाहणाऱ्याला थोडे भांडावेच लागते, आणि ही प्रस्तावना त्या भांडणातूनच निघाली आहे.

‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा त्यांचा कार्यक्रम १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शनवर सुरू झाला. मुंबई केंद्रच मुळी २ ऑक्टोबर १९७२ चे, म्हणजे केंद्र आणि कार्यक्रम ही जवळजवळ जुळी भावंडे. त्या केंद्राचा आवाका सुरुवातीला मुंबई आणि आसपासचा मुलूख, पुढच्या वर्षी पुणे. चंद्रपूर तिथून आठ-नऊशे किलोमीटरवर. दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्र सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९८२ ला. आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, २६ ऑगस्टला, चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा झाला. पुढे १९८४ मध्ये देशभर जवळपास रोज एक लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचा धडाका लागला, तेव्हा कुठे लहान शहरांतल्या छपरांवर अँटेनाच्या काड्या दिसू लागल्या. पण असा प्रक्षेपक गावाभोवतीच्या थोड्या किलोमीटरांपुरता. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांच्या आतल्या गावांत चित्राच्या आधी विजेचा प्रश्न होता, आणि विजेच्याही आधी पावसाळ्यात नाला ओलांडण्याचा. कार्यक्रम १९९३ मध्ये थांबला. एकवीस वर्षांचे आयुष्य. त्यातली पहिली दहा वर्षे तरी हा सगळा टापू टप्प्याबाहेर. एखादा माणूस महाराष्ट्राचा लाडका असणे, हा प्रक्षेपकाच्या टप्प्याचाही मामला असतो, हे श्रद्धांजली लिहिणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

मग इथून त्यांची आठवण काढायचे कारण काय? नुसती तक्रार करायची असती तर ती वर आटोपली असती. मला म्हणायचे आहे ते वेगळे. मराठीत ‘चौकशी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. शेजारीण दारात उभी राहून ‘कसं काय, बरं आहे ना’ म्हणते, ती एक चौकशी. आणि वर्दीतला माणूस वही काढून नाव, गाव, काल रात्री कुठे होतास असे विचारतो, ती दुसरी. दूरचित्रवाणीवरच्या माणसाची पहिल्या अर्थाने चौकशी करायची रीत आपल्याकडे ज्यांनी रुजवली, त्यांत तबस्सुम यांचे नाव अगदी वर येते. आणि ज्या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला कॅमेऱ्याकडून कायम दुसऱ्याच अर्थाची चौकशी आली, तिथूनच या कामाचे मोल नीट मोजता येते. ज्याला रोज खुशाली विचारली जाते, त्याला खुशाली विचारण्यात कसब असते हे कळायला उशीर लागतो.

कसब काय होते ते पाहू. दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीची सुरुवात आपल्याकडे मोठ्या माणसांपासून झाली. दिल्लीत १९५९ साली हे माध्यम आले, आणि त्याच्या बाल्यावस्थेतच पंडित नेहरूंची मुलाखत घेण्याचे काम पु. ल. देशपांड्यांनी केले. समोर देशाचा पंतप्रधान असला की मुलाखतीला आपोआप वजन येते. विषय आधीच ठरलेला असतो. तबस्सुम यांच्यासमोर येणारी मंडळी होती सिनेमाची. ती प्रसिद्ध होती, पण त्यांच्याशी बोलायला राष्ट्रीय महत्त्वाचा मुद्दा नव्हता. मुद्दा नसताना तास-अर्धा तास बोलते ठेवायचे, ही या कामातली खरी अडचण. तबस्सुम त्यासाठी पुरत्या घडलेल्या होत्या. वयाच्या तिसऱ्या वर्षी ‘बेबी तबस्सुम’ म्हणून त्या पडद्यावर आल्या, ‘दीदार’मध्ये नर्गिसच्या आणि ‘बैजू बावरा’त मीनाकुमारीच्या लहानपणीच्या भूमिका त्यांनी केल्या, आणि रेडिओही तेव्हापासूनचाच. त्यामुळे १९७२ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्या खुर्चीत बसल्या तेव्हा समोरच्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना त्या लहानपणापासून ओळखत होत्या, आणि कॅमेऱ्याची भीती त्यांना आयुष्यात कधी वाटलेलीच नव्हती. केसांत फूल, ओठांवर नावाला साजेसे हसू (‘तबस्सुम’चा अर्थच स्मित), आणि प्रश्न असा की त्याचे उत्तर चुकूच शकत नाही. उत्तर चुकायची भीती गेली की माणूस बोलतो. हे साधे दिसते. तसे असते तर आजचे निम्मे कार्यक्रम बघवले असते.

त्यांच्या नावाची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, कारण ती कार्यक्रमाच्या स्वभावाशी जुळते. वडील अयोध्यानाथ सचदेव, आई असगरी बेगम, दोघेही स्वातंत्र्यलढ्यातले. मुलीचे नाव ठेवताना वडिलांनी आईच्या धर्माचा मान राखून ‘तबस्सुम’ ठेवले आणि आईने वडिलांच्या धर्माचा मान राखून ‘किरणबाला’. दोघांनीही नाव ठेवले ते समोरच्याच्या घरचे. पुढे या मुलीने एकवीस वर्षे समोरच्याला त्याच्या घरी असल्यासारखे वाटावे म्हणून खटपट केली, तर त्यात नवल ते काय.

यजमान हा शब्द मी मुद्दाम टाळतो आहे. मराठीत या कामाला नीट शब्दच नाही. निवेदक म्हणजे सांगणारा, सूत्रसंचालक म्हणजे सभेचा गाडा हाकणारा, मुलाखतकार म्हणजे प्रश्नपत्रिका घेऊन आलेला. यजमान म्हणावे तर तो कोणाचा तरी नवरा वाटतो. शब्द नाही, कारण काम स्वतंत्र म्हणून आपण ओळखलेच नाही. पाहुण्याला मात्र शब्द आहे, आणि इकडच्या झाडीपट्टीत तर तो ‘पावना’ म्हणून आणखी मऊ होतो, कारण झाडीबोलीला ‘ण’ नको असतो. आलेल्या पावन्याला आधी पाणी, मग खुशाली, आणि कामाचे बोलणे त्यानंतर, हा क्रम इथे कोणाला शिकवावा लागत नाही.

कॅमेरा आला तो हा क्रम मोडून. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा. १९८० नंतर नक्षलवादी चळवळ तिथे शिरली, आणि तेव्हापासून बातमीतली गडचिरोली म्हणजे भूसुरुंग, चकमक, आत्मसमर्पण. मधल्या काळात बालमृत्यू आणि कुपोषण. चंद्रपूरच्या वाट्याला प्रदूषण, कोळसा, आणि ताडोबा. वाघाने माणूस मारला की त्या गावात दोन दिवस वाहिन्यांच्या गाड्या. या सगळ्या बातम्या खऱ्या आहेत आणि त्या द्यायलाच हव्यात. पण त्यांत बोलणारा माणूस कायम साक्षीदार असतो. तो ‘मेलेल्याचा भाऊ’ असतो, ‘प्रत्यक्षदर्शी’ असतो, ‘लाभार्थी’ असतो. त्याच्या तोंडापुढे धरलेल्या माइकला त्याच्याकडून एक ठरलेले वाक्य हवे असते, आणि ते मिळाले की माइक पुढच्या तोंडाकडे वळतो. शिवाय या भागात बोलण्याची किंमत वेगळी आहे. ‘खबऱ्या’ हा शब्द इथे माणसाच्या जिवावर उठलेला आहे. कोणाशी बोललास, काय बोललास, यावरून लोक मारले गेले आहेत. चौकशीच्या दुसऱ्या अर्थाने एका बाजूने पोलीस आणि दुसऱ्या बाजूने जंगलातले, अशा दोघांनी गावे पिंजून काढली असताना तिसरा वहीवाला शहरातून येऊन विचारू लागला, तर लोक जे बोलतात ते मौनाचाच प्रकार असते.

गौरवाच्या प्रसंगीही हेच होते, फक्त आवाज मऊ असतो. २०१८ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या ‘कर्मवीर’ भागात डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना देशाने पाहिले. त्यांचा गडचिरोलीतल्या हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा, म्हणजे तबस्सुम यांच्या कार्यक्रमापेक्षा एकच वर्षाने धाकटा. त्या खुर्चीपर्यंत पोहोचायला पंचेचाळीस वर्षे लागली. तो भाग चांगला होता, त्यातली आस्था खरी होती. पण हेमलकसा त्या रात्री ज्या कारणाने दिसले ते कारण ‘सेवा’ होते, आणि ज्यांची सेवा झाली ती माडिया आदिवासी माणसे चित्रफितीत मागे चालत होती. माडिया बाईला तिच्याबद्दल, तिच्या मोहफुलांबद्दल, तिच्या थोरल्या सुनेबद्दल, बैलगाडीच्या धावेबद्दल कोणी अर्धा तास विचारले, असा कार्यक्रम राष्ट्रीय पडद्यावर आलेला नाही. नटीला तिच्या आवडत्या साडीबद्दल विचारणे हे फालतू आणि माडिया बाईला तिच्या उपासमारीबद्दल विचारणे हे गंभीर, असे आपण धरून चालतो. त्या दोघींपैकी माणूस म्हणून कोणाला वागवले गेले, हे जरा थांबून पाहावे.

इथे पहिला आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. खुशालीच्या गप्पांतून हाती काय लागते? वेळ बरा जातो, एवढेच ना? याचे उत्तर मी सिनेमातून देणार नाही. गडचिरोलीतच त्याचा पुरावा आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. जगभरच्या आरोग्य धोरणाला हा आकडा नवा होता. पण गावातल्या बायकांना तो नवा नव्हता. त्यांना कोणी विचारले नव्हते एवढेच. ‘तुला काय होते’ या दवाखान्यातल्या प्रश्नाने हे बाहेर येत नाही. ते बाहेर येते बाजेवर बसून इकडचे-तिकडचे बोलताना. राणी बंग यांनी पुढे त्या स्त्रियांच्या बोलण्यावर जे पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘कानोसा’, आणि झाडांशी असलेल्या त्यांच्या नात्यावर लिहिले त्याचे नाव ‘गोईण’, म्हणजे इथल्या बोलीत मैत्रीण. संस्थेचा दवाखाना कसा असावा, हेही असेच विचारण्यातून ठरले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबतच्या माणसांना थांबायला जागा नसते, तिथे आपला देव नसतो, असे लोकांनी सांगितले. म्हणून तो झोपड्यांसारखा बांधला गेला, नातेवाइकांना राहता येईल असा, आणि त्याला नाव मिळाले दंतेश्वरी देवीचे. खुशाली विचारण्यातून एका इमारतीचा आकार बदलतो, तेव्हा त्याला वेळ घालवणे म्हणता येत नाही.

दुसरा पुरावा धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचा. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेने आणि २००९ मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्काने हे गाव सर्वांना माहीत आहे. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला तेव्हा केंद्रीय मंत्री तिथे आले होते आणि अर्थात कॅमेरेही. पण त्या गावाची जी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते तिचे चित्रण करता येत नाही. तिथे ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. ग्रामसभेत निर्णय होतो, तोही सर्वांच्या सहमतीने. अभ्यासगटात निर्णय होतच नाही. नुसते बोलायचे, ऐकायचे, विचारायचे, बाहेरचा कोणी जाणकार आला तर त्यालाही बसवायचे. निर्णयाचे ओझे नसल्यामुळे तिथे माणूस आपले मत हट्टाने धरून बसत नाही. सहमतीचा तो सगळा डोलारा या बिनकामाच्या बोलण्यावर उभा आहे. दूरचित्रवाणीवर आज ग्रामसभा रोज रात्री नऊ वाजता भरते, आठ चौकोनांत आठ माणसे निर्णय देत असतात. अभ्यासगटाला मात्र जागा नाही. तबस्सुम यांचा कार्यक्रम हा अभ्यासगट होता असे म्हटले तर त्या स्वतःच हसल्या असत्या. पण जात तीच होती. तिथून कोणी काही ठरवून उठत नसे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. गोड बोलणारा मुलाखतकार सत्तेला सोयीचा असतो. दूरदर्शन सरकारी होते, आणि तबस्सुम यांनी कोणाला कधी अडचणीत टाकले नाही. हे खरेच आहे. त्यांनी अडचणीत टाकण्याचे काम अंगावर घेतलेच नव्हते. पण यातून निष्कर्ष काढताना गल्लत होते. कठोर प्रश्न हा सत्तेपुढे विचारायचा असतो. सूरजागडच्या लोहखनिजाबद्दल, तिथल्या रस्त्यांवरच्या अवजड वाहतुकीबद्दल, गेलेल्या झाडांबद्दल मंत्र्याला आणि खाणमालकाला उभे-आडवे विचारलेच पाहिजे. दूरचित्रवाणीने मात्र बऱ्याचदा पात्रांची अदलाबदल केलेली दिसते: मंत्र्यापुढे अदब आणि गावकऱ्यापुढे उलटतपासणी. ‘तुम्ही नक्षलवाद्यांना जेवण का दिले?’ हा प्रश्न बंदूक दारात असताना भात वाढलेल्या बाईला विचारणे, याला निर्भीड पत्रकारिता म्हणायला मी तयार नाही. तबस्सुम यांच्या मऊपणातून हा दोष येत नाही. तो त्यांचा मऊपणा ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा होता तिथवर न पोहोचल्यामुळे आला आहे. ब्रिटिश मुलाखतकार मायकेल पार्किन्सन यांचा बीबीसीवरचा गप्पांचा कार्यक्रम १९७१ चा, तबस्सुम यांच्याहून वर्षभर आधीचा. ते २०२३ मध्ये गेले तेव्हा तिकडेही हाच वाद झडला असता तर नवल नव्हते, कारण ते मूळचे बातमीदार आणि लोकांना आठवले ते त्यांच्या ऐकण्यासाठी.

तिसरा आक्षेप इथल्याच लोकांचा असेल, आणि त्यात थोडा ताठा असेल तर तो योग्यच. आम्हाला तुमचा पडदा कशाला हवा? वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे. दिवाळीनंतर मंडई लागते, शंकरपट भरतात, आणि रात्री दहाला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. शाल पांघरून, शेकोटी जवळ करून हजारो माणसे बसतात, आणि शेवटचा अंक संपल्यावर पहिली बस पकडून कामावर जातात. दंडार आणि खडी गंमत त्याहून जुनी. २०२३ मध्ये या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याला कळले की असे काही आहे. इतकी भरलेली वाचा असलेल्या मुलखाला मुकेपणाची कीव नको. मान्य. पण रंगमंचावरचे बोलणे आपल्याच माणसांशी, आपल्याच बोलीत होते. अनोळखी माणसाने कुतूहलाने विचारावे आणि आपण सैल होऊन सांगावे, ही गोष्ट निराळी आहे, आणि ती एकट्याने करता येत नाही, विचारणारा लागतो. त्यातही भाषेचा पेच: सिरोंच्याला तेलुगू, भामरागडला माडिया, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याला बंगाली, आरमोरीला झाडीबोली. एकाच जिल्ह्यात पाच दारे. मुंबईच्या स्टुडिओतली प्रमाण मराठीदेखील इथल्या अनेकांना परकीच. तबस्सुम यांची उर्दू मिसळलेली हिंदी तर आणखी लांबची. पण खुशाली विचारणाऱ्याची भाषा मोडकी असली तर ती चालते, उलट थोडी मोडकीच बरी. सांगणाऱ्याला तेवढाच धीर येतो.

आता हातात मोबाइल आहे, प्रत्येक जण आपला कार्यक्रम आपणच करतो, असे यावर कोणी म्हणेल. करतात, आणि कोरचीची, अहेरीची पोरे फार गमतीचे करतात. पण तिथे प्रत्येक जण बोलतो आहे. पुढच्या पानांत ज्या निवेदक-संवादकांविषयी लिहिले आहे, त्यांची मिळकत बोलण्यात नव्हतीच. जुने मुद्रण पाहायचे म्हटले तरी हाती फार थोडे लागते. टेप महाग होती, एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित व्हायचा, आणि दूरदर्शनचे त्या काळातले कितीतरी काम असे स्वतःच्याच हाताने पुसले गेले. म्हणून हे लेख बरेचसे स्मरणावर विसंबून आहेत, आणि स्मरण हे प्रक्षेपकाच्या टप्प्यातल्या लोकांचे आहे, हे वाचकाने धरून चालावे.

तबस्सुम यांनीही उतारवयात यूट्यूबवर ‘तबस्सुम टॉकीज’ नावाने कार्यक्रम केला. तोवर भामरागडच्या टेकडीवर चढून, जिथे रेंज येते तो दगड शोधून, कोणालाही त्या दिसू शकत होत्या. टप्प्याचा प्रश्न असा चाळीस वर्षांनी सुटला. पण या कार्यक्रमात समोर कोणी नसायचे. एकेकाळी ज्यांना त्यांनी बोलते केले होते त्यातले बहुतेक गेलेले, आणि त्यांच्या आठवणी त्या एकट्याच कॅमेऱ्याकडे पाहून सांगत, मध्येच एखादा शेर, मध्येच हसू, जणू पलीकडून कोणीतरी आत्ता विचारणार आहे की मग पुढे काय झाले.